सुरक्षेच्या प्रश्नावर राजकीय भाष्य लिहिताना

निवडणूक जवळ आली की सीमेवरची घटना आणि प्रचारसभेतले वाक्य यांची सरमिसळ होते. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखावेत आणि एकात लष्करी घटनेची, तर दुसऱ्यात मतदानाची तारीख लिहावी. गोव्यातील लेखकाला याचे उदाहरण घरातच सापडते. १९ डिसेंबर १९६१ रोजी लष्करी कारवाईने गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी १९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध निवडणूक लढवली. कारवाईचा मुहूर्त निवडणूक पाहूनच काढला, असा आरोप तेव्हाही झाला. मात्र पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या १९५५ मध्ये, म्हणजे प्रश्न त्या निवडणुकीपेक्षा बराच जुना होता. तारखा लागोपाठ आल्या एवढ्यावरून संशय व्यक्त करता येतो, हेतू सिद्ध झाला असे लिहिता येत नाही.

त्यानंतर सुरक्षेचा मुद्दा प्रचारात आणण्याच्या डावपेचाचा परिणाम तपासावा, आणि इथे घाई करू नये, कारण बहुतेक लेख इथेच घसरतात. सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे लक्ष्यभेदी कारवाई (सर्जिकल स्ट्राइक) झाली तेव्हा संरक्षणमंत्रिपदी गोव्याचेच मनोहर पर्रीकर होते, म्हणजे या मुद्द्याचा लाभ मिळायचा तर तो सर्वप्रथम गोव्यात मिळायला हवा होता. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत भाजप २१ जागांवरून १३ वर आला आणि मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रेत पराभूत झाले. मतदारांनी त्या कारवाईला नापसंती दर्शवली, असा अर्थ यातून काढणे तितकेच चुकीचे ठरेल; त्या वेळी राज्यात प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटलेला होता. (त्या वादातून जन्मलेल्या ‘गोवा सुरक्षा मंच’ या पक्षाच्या नावातही ‘सुरक्षा’ हाच शब्द होता, पण ती होती मातृभाषेची.) पुढे २०१९ मध्ये, बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर दोनच महिन्यांनी, उत्तर गोव्याने भाजपला आणि दक्षिण गोव्याने काँग्रेसला निवडून दिले. एकाच लाटेवर सारे काही ढकलणाऱ्या लेखकाने मांडवी आणि झुवारी या नद्या ओलांडताना हा निकाल आठवावा.

आकड्यांची बाब तुलनेने सोपी आहे. २०२५-२६ साठीची संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटी रुपयांची होती. सत्ताधारी हा एकूण आकडा सांगतात, तर विरोधक तो सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत किती, हे सांगतात. दोघेही खोटे बोलत नसतात, पण त्यातील सुमारे १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी आणि १.८० लाख कोटी भांडवली खर्चासाठी (शस्त्रे व साधनसामग्रीच्या खरेदीसारख्या) होते, हे वाचकाला सांगण्याची जबाबदारी भाष्यकारावर येते.

अधिकाराची वाटणीही लक्षात ठेवावी. संरक्षण हा केंद्राचा विषय आहे, पोलीस हा राज्याचा. विधानसभेचा उमेदवार वास्कोच्या सभेत काश्मीरवर बोलत असेल, तर किनारी पोलिसांच्या गस्तीनौकांबद्दल त्याचे म्हणणे काय, हे विचारावे. मुंबईवरचा २००८ चा हल्ला समुद्रमार्गेच झाला होता.

शेवटी, लेख पूर्ण झाल्यावर शाळेत शिकवतात तसा प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधावा. ‘आम्ही शत्रूला धडा शिकवला’ यातील ‘आम्ही’ म्हणजे सैन्य, सरकार की पक्ष? सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्येच पक्षांना कळवले होते. पण सर्वनामांवर आयोगाची नजर पोहोचत नाही. विरोधकांच्या वाक्यांनाही हीच कसोटी लावावी: सरकारच्या दाव्याचा पुरावा मागणे आणि सैन्याच्या पराक्रमावर शंका घेणे यांचे कर्म वेगवेगळे आहे. ज्या वाक्याचा कर्ता किंवा कर्म सापडत नाही, ते वाक्य छापायला देऊ नये.