सुखोई फ्रान्सला निघण्याआधी

भारत आणि फ्रान्सच्या हवाई दलांचा ‘गरुड’ सराव 2003 पासून चालू आहे. आठवा नोव्हेंबर 2025 मध्ये नैऋत्य फ्रान्समधल्या माँ-द-मार्साँ तळावर झाला. आपल्याकडून गेली ती सुखोई-30 एमकेआय, नाशिकजवळ ओझरला जोडणी होते तीच. अशा दौऱ्याचं उड्डाण वैमानिक बघतील. ही यादी जमिनीवरच्या माणसांसाठी.

आधी परवानग्या. वाटेतल्या एका देशाची मंजुरी अडली तरी अख्खी तुकडी खोळंबते. हवेत इंधन द्यायला आयएल-78 आणि सामानाला सी-17 सोबत असतात, त्यांचेही कागद याच फायलीत लावावेत. इजेक्शन सीटची, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची, काडतुसं आणि क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर स्फोटकांत मोडतात. त्यांच्या पेट्या वेगळ्या, कागद वेगळे. टो-बार, म्हणजे विमान ओढायचा दांडा, आपलाच न्यावा, यजमानांच्या राफेलचा सुखोईला चालत नाही. उभ्या विमानाला बाहेरून वीज देणाऱ्या ग्राउंड पॉवरच्या प्लगचंही तेच.

ब्रेक पॅराशूटचं आधीच बोलून घ्यावं. सुखोई टेकलं की शेपटीकडून पॅराशूट उघडतं आणि वेग उतरल्यावर वैमानिक ते सोडून देऊन पुढे जातो. राफेलला असलं काही लागत नाही, म्हणजे ते उचलायची सवय यजमानांना असेलच असं नाही. कुठे सोडायचं, कोणाची गाडी उचलणार, टॉवरला काय कळवायचं, हे पहिल्या उड्डाणाआधी ठरावं. मागचं विमान उतरायच्या बेतात असताना नव्हे. तिकडचा नोव्हेंबर पावसाचा. ओलं पॅराशूट वाळवल्याशिवाय घडी घालता येत नाही, तेव्हा टांगायला उंच, कोरडी जागा मागून घ्यावी आणि जास्तीची पॅराशूट हात न आखडता भरावीत.

ब्रीफिंगच्या वेळा झुलूतच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच लिहाव्यात. आपल्यात आणि हिवाळ्यातल्या फ्रान्समध्ये साडेचार तासांचा फरक आहे. किमान उंची, दोन विमानांतलं अंतर आणि ‘नॉक इट ऑफ’ ऐकताच सगळ्यांनी थांबायचं, हे दोन्ही बाजूंनी एकत्र बसून घोकावं. रडार कोणत्या मोडवर ठेवायचं ते मुख्यालयाकडून लेखी घ्यावं. ही गुपितं, आणि पाहुणचारात जिभा सैल सुटतात! विमानांत आपोआप माहिती पोचवणारी डेटालिंक जुळणार नसेल, तर तोंडी संदेशांचा सराव घरीच करावा. शाकाहारी किती, तेही कळवून टाकावं.

शेवटी अवजारांची मोजदाद, जाताना आणि येताना, त्याच यादीवर. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही.