कला केंद्राच्या अर्जात मराठी निवेदन अगम्य दिसत होतं: माझा अनुभव

ग्रामीण कला केंद्रातल्या निवासी कार्यक्रमासाठी जळगावहून अर्ज भरत होतो. केळीच्या खोडाच्या धाग्यांतून मी जे काम करतो, त्याचं निवेदन फॉर्ममध्ये चिकटवलं की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. ब्राउझर बदलला, मोबाइलवरून भरून पाहिलं, तेच. दोन रात्री जीव मेटाकुटीला आला.

कारण निघालं फॉन्टचं. डीटीपीवाल्याने मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना सगळीकडे एकच संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. आधी तो युनिकोड कन्व्हर्टरमधून काढला. मग रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या ओळ न ओळ तपासल्या. अहिराणी शब्द हस्तलिखिताशी ताडले, कारण तिथली चूक निवड करणाऱ्यांच्या लक्षात येईलच असं नाही. नंतर मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायच्या पद्धतीत) सेव्ह केला, तिथून फॉर्ममध्ये नेला आणि प्रिव्ह्यू वाचूनच अर्ज पाठवला.