वकिलाची फी कंपनीने थकवली तर ती कोणाकडून मागायची?

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. त्यामुळे काम कंपनीच्या नावाने घेतले असेल, तर फीचे देणे कंपनीचे. संचालकाच्या घरावर किंवा बचत खात्यावर त्यासाठी सहसा हात टाकता येत नाही. भागीदारी संस्थेत मात्र प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला जबाबदार असतो.

सगळी मदार नेमणूकपत्रावर असते. सहीखाली ‘कंपनीकरिता, संचालक’ असे लिहिलेले नसेल, तर सही करणाऱ्यानेच वैयक्तिक काम दिले, असा वाद उभा राहू शकतो. वकिलाला कंपनीच्या ऐपतीची शंका असेल, तर त्याने संचालकाची वैयक्तिक हमी सुरुवातीलाच लेखी घ्यावी. फी थकल्यावर अशी हमी सहसा कोणी देत नाही. कंपनीची नोंदणी होण्याआधीच काम दिले असेल, तर बहुधा प्रवर्तकच, म्हणजे कंपनी उभी करणाराच, अडकतो.

फीचा चेक वटला नाही, तर सही करणाऱ्या संचालकावरही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ची (चेक न वटल्याची) फौजदारी फिर्याद होऊ शकते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवा, पैसे भरायला १५ दिवस द्या, ते उलटल्यावर महिन्याभरात फिर्याद करा. इथे तारीख चुकली की प्रकरण बहुतेक वेळा तिथेच अडते.

वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षे. मुदत संपण्याआधी कंपनीकडून बाकी मान्य असल्याचे लेखी घेतले, तर ती नव्याने मोजली जाते. अशिलाची फाइल मात्र फीपोटी अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे.