‘पुणे’चं ‘पण’ झालं कसं? पत्त्यावरून माहिती काढणाऱ्या क्लासमधल्या या चुका टाळा

शोधपेटीत ‘सातारा’ टाकलं की ‘सितार’वरची पानं येत होती. दोन दिवस आम्ही सर्च इंजिनालाच शिव्या घातल्या. दोष निघाला आमच्याच क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका भागात. पानाचा यूआरएल (वेबवरचा पत्ता) घ्यायचा, त्यातून डोमेन, भाषा, तारीख, शीर्षकाचे शब्द काढायचे आणि इंडेक्सला (शोधाच्या सूचीला) द्यायचे, एवढंच त्याचं काम. पायथनमधला दीडशे ओळींचा क्लास, आणि लिहिणारा मीच.

शब्द वेगळे करायला मी रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुने शोधायच्या सांकेतिक भाषेतलं), शब्दातलं अक्षर ओळखणारं ‘\डब्ल्यू’ वापरलं होतं. पायथनच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलला अक्षरं आणि आकडे कळतात, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत यांना ते शब्दाचा भाग मानत नाही. त्यामुळे ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे पडतात. ते जोडून स्लग (शीर्षकाचं पत्त्यात वापरायचं रूप) केला की ‘पण’ उरतो. ‘सातारा’ आणि ‘सितार’ दोघांचंही ‘सतर’. पायथनमधल्या जॅंगो या वेब फ्रेमवर्कच्या ‘स्लगिफाय’ला युनिकोड चालू ठेवायला सांगितलं तरी तो याच वाटेने जातो. जावास्क्रिप्टमधलं ‘\डब्ल्यू’ तर देवनागरीला ओळखतच नाही, सगळंच गायब. तिथे ‘यू’ फ्लॅग लावून अक्षरं आणि चिन्हं हे दोन्ही युनिकोड वर्ग स्पष्ट मागावे लागतात. पायथनमध्ये ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं पॅकेज घ्या, नाहीतर प्रत्येक चिन्हाचा युनिकोड वर्ग स्वतः तपासा. ‘ॲक्सेंट काढून टाका’ म्हणणारं कुठलंही तयार फंक्शन मराठीवर चालवू नका. फ्रेंचसाठी लिहिलेली ती कात्री आपल्या मात्रा कापते.

पुढची चूक याहून जुनी आणि सगळ्या भाषांत सारखी: आधी डीकोड (म्हणजे पत्त्यातल्या %२६ सारख्या टक्केवाल्या संकेतांची पुन्हा अक्षरं करणं), मग तुकडे. क्रम उलटा हवा. २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या नियमपत्राप्रमाणे पत्त्याचे पाच भाग: स्कीम (‘एचटीटीपीएस’सारखी सुरुवात), ऑथॉरिटी (होस्ट म्हणजे साइटचं नाव यात येतं), पाथ (साइटवरची पानाची जागा), क्वेरी (प्रश्नचिन्हानंतरचे पॅरामीटर), फ्रॅगमेंट (# नंतरचा भाग). ते टक्क्यांच्या मूळ रूपातच वेगळे करायचे आणि नंतर एकेक तुकडा डीकोड करायचा. समजा क्वेरीत ‘शोध=मीठ%२६मिरी’ आहे. %२६ म्हणजे &. अख्खा पत्ता आधीच डीकोड केलात तर ‘मीठ’ हे उत्तर आणि ‘मिरी’ नावाचं एक अनाथ पॅरामीटर हाती येतं. डीकोड एकदाच करायचं, हेही लक्षात ठेवा. %२५२६ दोनदा डीकोड केलं की तोच & पुन्हा डोकं वर काढतो.

अधिकच्या चिन्हाचं दुखणं निराळं. फॉर्ममधून आलेल्या क्वेरीत + म्हणजे मोकळी जागा, पण पाथमध्ये + म्हणजे +च. इंग्रजी विकिपीडियावरच्या ‘सी++’ या प्रोग्रामिंग भाषेच्या लेखाचा पत्ता दोन्ही + तसेच ठेवून लिहिला तरी चालतो. अशा पाथवर पायथनचं ‘अनक्वोट_प्लस’ हे डीकोडचं फंक्शन चालवलंत की तो लेख नुसता ‘सी’ होतो, आणि मग ‘सी’ या अक्षराच्या लेखाशी त्याची टक्कर. पाथला ‘अनक्वोट’, क्वेरीला ‘पार्स_क्यूएस’. हे दुसरं फंक्शन रिकामी मूल्यं गुपचूप टाकून देतं. ती हवी असतील तर तसं सांगावं लागतं.

विकिपीडिया हे अशा क्लासची परीक्षा घ्यायला उत्तम मैदान आहे. ‘नोड.जेएस’ या लेखाचा पत्ता ‘.जेएस’ने संपतो, पण ते साधं एचटीएमएल पान आहे. एक्स्टेन्शन बघून फाइलचा प्रकार ठरवणारा क्लास त्याला जावास्क्रिप्ट म्हणून बाजूला टाकतो. ‘एसी/डीसी’ या बँडच्या लेखात तिरपी रेघ शीर्षकाचाच भाग आहे, आणि ‘शेवटच्या रेघेनंतरचं ते शीर्षक’ हा नियम तिथे ‘डीसी’ एवढंच परत देतो. प्रकार ठरवायला सर्व्हरने पाठवलेला कन्टेन्ट-टाइप बघा. पत्त्यावरून निघतो तो फक्त अंदाज, आणि इंडेक्समध्ये त्याची नोंद ‘अंदाज’ अशीच हवी.

लांबीचं गणित मराठीत फसतं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये ३ बाइट घेतं, टक्क्यांच्या रूपात ९ अक्षरं. ‘पुणे’ ४ चिन्हांचं, म्हणजे ३६ अक्षरं. ‘महाराष्ट्र’ १० चिन्हांचं, म्हणजे ९०. डेटाबेसमध्ये पत्त्याचा कॉलम २५५ चा ठेवलात तर मराठी विकिपीडियाचा पत्ता, सुरुवातीची ३० अक्षरं सोडून, बरोबर २५ चिन्हांवर कापला जातो. योगायोगाने कात्री चिन्हाच्या सीमेवर पडते, त्यामुळे एरर नाही, चौकोन नाही, नुसतं अर्धं शीर्षक. ‘एम.’ लावलेल्या जुन्या मोबाइल पत्त्यात २ अक्षरं जास्त असतात, तिथे शेवटचं चिन्ह मधूनच तुटतं आणि डीकोड करताना कचरा दिसतो. आमचा घोळ त्या कचऱ्यामुळे तरी उघडा पडला. निमूटपणे कापलेली शीर्षकं कोणाच्या लक्षातही आली नसती.

आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक सलग चिन्ह म्हणून येतो, किंवा ‘र’ अधिक नुक्ता म्हणून. डोळ्यांना फरक नाही, बाइट वेगळे. एनएफसी (युनिकोडची एकसारखं रूप देण्याची पद्धत) केलं की दोन्ही एक होतात. पण तिसरीही तऱ्हा आहे: र, हलंत आणि मग न दिसणारा शून्य-रुंदी जोडक. जुन्या कीबोर्डांवर टाइप केलेल्या मजकुरात तो भेटतो. एनएफसी त्याला हात लावत नाही. आणि ‘अदृश्य चिन्हं काढा’ म्हणून सरसकट झाडू मारलात तर दऱ्यांचा दर्या होतो. आधी ‘र, हलंत, जोडक’ या त्रिकुटाच्या जागी ‘ऱ’ आणि हलंत ठेवा, मग झाडू. हे सगळं फक्त इंडेक्सच्या फील्डवर. पान पुन्हा आणायला लागणारा मूळ पत्ता जसाच्या तसा जपा, कारण सर्व्हरला तेच बाइट हवे असतात. पाथ छोट्या लिपीत करण्याचा मोहही याच कारणाने आवरा. स्कीम आणि होस्टला लहान-मोठी अक्षरं सारखीच, पाथला नाहीत. यूट्यूबच्या व्हिडिओचा ११ अक्षरी आयडी लहान केलात की तो दुसराच आयडी होतो.

डोमेन म्हणून होस्टचे शेवटचे दोन तुकडे घेणं ही आणखी एक हमखास खोड. महाराष्ट्र शासनाचं संकेतस्थळ आणि गोवा शासनाचं संकेतस्थळ, दोन्ही मग ‘जीओव्ही.इन’. भारतातलं अख्खं सरकार एकाच साइटवर! मोझिलाच्या पुढाकाराने सुरू झालेली पब्लिक सफिक्स लिस्ट (ज्यांच्याखाली वेगवेगळ्या मालकांना नावं मिळतात अशा शेवटांची यादी) यासाठीच आहे. ती बदलत असते, म्हणून कोडमध्ये चिकटवू नका, वेळोवेळी नवी आणा. ‘.भारत’चे पत्ते २०१४ पासून देवनागरीत मिळतात. लॉगमध्ये मात्र ते ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ अशा वेषात येतात. नोंदीची ओळख म्हणून हे रूप ठेवा, दाखवायला देवनागरी. अशी नावं या रूपात बदलणारा पायथनचा आतला ‘आयडीएनए’ कोडेक २००३ च्या जुन्या नियमांवर चालतो आणि तो शून्य-रुंदी जोडक गाळतो, म्हणून २००८ च्या नियमांचं वेगळं पॅकेज वापरा.

स्कीम नसलेला पत्ता पायथनच्या ‘यूआरएलस्प्लिट’ या तुकडे करणाऱ्या फंक्शनला दिला की होस्ट रिकामा येतो आणि सगळं पाथमध्ये जातं. तो बिचारा नियमाप्रमाणेच वागतो. पुस्तकाच्या आयएसबीएन क्रमांकावरून बनलेल्या ‘यूआरएन’ पत्त्याला होस्ट नसतोच, तिथे रिकामं हेच बरोबर उत्तर. डीओआयमध्ये (शोधनिबंधांसारख्या दस्तऐवजांच्या कायमच्या ओळखक्रमांकात) लहान-मोठं अक्षर सारखं, आणि ‘डीएक्स.’ लावलेला जुना पत्ता व नवा पत्ता एकाच दस्तऐवजाचे.

जावावाल्यांसाठी एक ओळ: पत्ते हॅशसेटमध्ये (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या संचात) टाकताना ‘यूआरएल’ क्लास नको, ‘यूआरआय’ घ्या. ‘यूआरएल’ची बरोबरी तपासणी डीएनएसला (साइटच्या नावावरून आयपी क्रमांक सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारत बसते आणि एकाच आयपीवर राहणाऱ्या दोन वेगळ्या साइट्सना जुळं समजू शकते.

तारखांनी मला सगळ्यात जास्त छळलं. ‘/२०१४/०८/२७/’ दिसलं की बहुधा प्रकाशनाची तारीख असते. ‘निवडणूक-२०१४’ दिसलं की तो विषय असतो, लेख कालचाही असू शकतो. जुनी वेबपानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनच्या पत्त्यात १४ आकडे असतात, ती पान साठवल्याची वेळ. आमच्या क्लासने ते आकडे प्रकाशनाची तारीख म्हणून घेतले आणि वीस वर्षांपूर्वीचे लेख ‘ताज्या’ यादीत चढले. त्या पत्त्याच्या पोटात मूळ पत्ता असतो. तो बाहेर काढून त्याच क्लासमधून पुन्हा पाठवायचा. वाटेतल्या एखाद्या प्रॉक्सी सर्व्हरने स्कीमनंतरच्या दोन रेघांची एक केलेली असते, तेवढं बघून घ्या.

आता आमच्या क्लासमध्ये प्रत्येक फील्डसोबत दोन गोष्टी साठतात: ते कुठल्या नियमाने निघालं आणि क्लासची आवृत्ती. ‘सतर’वाला दोष सापडला तेव्हा हे नव्हतं, म्हणून अख्खा इंडेक्स पुन्हा बांधावा लागला. परवा जोडकाचा नियम बदलला, तेव्हा फक्त त्या नियमातून गेलेली पानं उचलली आणि जेवणाच्या सुट्टीत काम आटोपलं.