रीफ टँकमधलं लाल शेवाळ कसं घालवायचं, आमच्या खारपाणपट्ट्यातून

भाऊ हो, रीफ टँक म्हणजे समुद्राचे मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिच्यातल्या वाळूवर मरून रंगाची चिकट साय चढली, तिच्यात बारीक बुडबुडे अडकलेत, नळी लावली की ओल्या कापडासारखी सलग उचलून येते, असं दिसत असेल तर आधी मेडिकलकडे धावू नका. मी धावलो होतो, त्याचं पुढे सांगतो.

सगळे याला लाल शेवाळ म्हणतात, मीही म्हणतो, पण हे शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे, म्हणजे उजेडावर स्वतःचं अन्न बनवणारा जिवाणू. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत खत म्हणून निळं-हिरवं शेवाळ सोडतात ना, त्याच खानदानातला. याच्या काही जाती पाण्यात विरघळलेला हवेतला नायट्रोजनसुद्धा वापरतात, तुरीच्या मुळावरच्या गाठी करतात तसं. हे ध्यानात ठेवा, पुढे यावरच सगळं अडतं.

पहिले नीट ओळखा. डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एका पेशीचे जीव) नावाचा दुसरा एक त्रास आहे, तो तपकिरी, शेंबडासारखा लोंबता, बुडबुड्यांसकट, आणि त्यात बरेचदा गोगलगायी मरायला लागतात. थोडा नमुना टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा, त्यात परत तार धरून गोळा झाला तर डायनो समजा, त्याचा इलाज वेगळा आहे. मी तर गावच्या शाळेतल्या सरांना विनंती करून प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपखाली पाह्यलं, लांब लांब धागेच धागे दिसले, म्हणजे सायनोच. डायनोच्या पेशी गोल-लांबट दिसतात आणि हलतात.

आता पाणी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की तुमच्या बोअरचं पाणी खारटच आहे तर समुद्राच्या माशाले काहून चालत नाही. नाही चालत. समुद्रातल्या क्षारांचं प्रमाण वेगळं आणि आपल्या बोअरचं वेगळं, वरून वावरात टाकलेल्या युरियाचा नायट्रेट झिरपून बोअरमध्ये येतो तो वेगळाच. घरच्या आरओवरही भरोसा ठेवू नका. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १५०० असला आणि मेम्ब्रेननं ९५ टक्के अडवलं तरी ७५ उरतोच, त्यात घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा, आणि आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा लावा, मीटरवर ० आलं पाहिजे. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपलं की डोळ्याला दिसतं. आमच्याकडे रेझिन लवकर संपतं, तो खर्च धरूनच चाला, इथं पैसे वाचवले तर पुढचं सगळं वाया जातं.

मग हातानं काढणं. बारीक नळीनं सायफन करा, वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) बंद ठेवून, कडेपासून सुरू करून साय गुंडाळत आणल्यासारखी ओढा. ब्रशनं घासू नका, तुकडे उडून दुसऱ्या जागी बसतात. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलायचंच असतं, ते या सायफननंच बाहेर काढा म्हणजे दोन कामं एकात होतात. दगडांच्या फटीतली घाण उडवायला मी जनावराला औषध पाजायची मोठी सिरिंज आणली, कोरी, टँकसाठीच ठेवलेली, झकास काम देते.

आता ती नायट्रोजनची गोष्ट. माझ्या टँकचं नायट्रेट ० यायचं आणि मी खुश होतो, वाटायचं पाणी किती स्वच्छ आहे, पण फॉस्फेट होतं ०.२. अशा पाण्यात बाकीच्या चांगल्या जिवाणूंना आणि झुआंथस कोरलला नायट्रोजन मिळत नाही, ते उपाशी बसतात, आणि हवेतला नायट्रोजन वापरू शकणाऱ्या सायनोला पूर्ण रान मोकळं. म्हणून नायट्रेट शून्यावर नेऊच नका, ५ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) राहू द्या आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या मधात. नायट्रेट वाढवायला लॅब ग्रेडचं पोटॅशियम नायट्रेट १६.३ ग्रॅम घेऊन एकूण १ लिटर होईल इतक्या आरओ-डीआय पाण्यात विरघळवा, यातलं १० मिली १०० लिटर टँकच्या पाण्यात टाकलं की १ पीपीएम वाढतं. दिवसाला एवढंच, आणि दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट. कृषी केंद्रात १३:०:४५ म्हणून मिळतं ते हेच, पण शेतीच्या खताची शुद्धता वेगळी, ते टँकमध्ये नको. तुमचं नायट्रेट आधीच ३०-४० असेल तर मात्र हे अजिबात करू नका, तिथं खाणं जास्त होतंय. फ्रोझन खाणं चाळणीत धुऊन टाका, ते वितळलेलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. फॉस्फेट काढायचं मीडिया (फॉस्फेट शोषणारे दाणे) थोडं थोडं वाढवा, एकदम खाली पाडलं तर कोरल आकसतात.

दगडाबद्दल एक सांगतो. जुना दगड फॉस्फेट सोडत राहतो, म्हणून वेगळ्या बादलीत काही आठवडे भिजवून, पाण्याची टेस्ट करूनच टँकमध्ये घ्या. आणि हार्ड कोरल, सी फॅन हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका, समुद्रातून तोडलेला कोरलचा दगडही नको, माणसानं बनवलेला कोरडा दगड घ्या. मी मशरूम कोरल आणि झुआंथसच ठेवतो आणि त्यांच्यावर माझा खरंच जीव आहे.

साय कुठं जमते ते नीट पाहा, जिथं पाणी हलत नाही तिथंच पहिले जमते. सॉफ्ट कोरलच्या टँकला तासाला टँकच्या २० ते ४० पट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे २०० लिटरला ४ ते ८ हजार लिटर. वेव्हमेकर आठवड्याला काढून व्हिनेगरच्या पाण्यात धुवा, चुना चढला की जोर अर्धा होतो. आणि आपली खरी अडचण लाईट जाणं, वादळात तार तुटली की रात्रभर येत नाही, सगळी घाण खाली बसते आणि ऑक्सिजनही उतरतो. म्हणून इन्व्हर्टरवर पहिले वेव्हमेकर घ्या, टँकचा लाईट नाही घेतला तरी चालतं.

मे महिन्यात बाहेर ४५ आणि घरात ३७-३८, टँक ३१ च्या वर जातो, आणि गरम पाण्यात सायनो भराभर वाढतो आणि ऑक्सिजन कमी विरघळतो. चिलर नसेल तर पाण्यावर तिरपा पंखा मारा, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात टँक ३-४ डिग्री सहज उतरतो, पावसाळ्यात एवढा नाही उतरत. पण दिवसाला काही लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर फक्त आरओ-डीआयची, खारं पाणी नाही. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वर धरून ठेवा.

लाईट ८ तासांवर आणा, खिडकीचं ऊन पडत असेल तर पडदा लावा. एवढ्यानं हटलं नाही तर तीन दिवस अंधार, गोधडीनं चारी बाजूनं झाका, पण वरून हवा खेळू द्या आणि एअर पंप चालू ठेवा. चौथ्या दिवशी मेलेली साय लगेच सायफन करा, नाहीतर सडून तेच खत होतं. नुसता अंधार करून मूळ कारण सोडलं तर दोन-तीन आठवड्यांत परत येते.

आता मेडिकलचं. मी एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या विरघळवून टाकल्या होत्या, एका दुकानदारानं सांगितलं म्हणून. दोन दिवसांत लाल सगळं गेलं, पण एवढा माल एकदम मेला की सडताना ऑक्सिजन ओढला गेला, त्या रात्री लाईटही नव्हती, सकाळी माझी क्लाउनफिशची जोडी खाली पडलेली होती. ती जोडी मी ट्रेननं, मांडीवर डबा ठेवून आणली होती. आणि सहा आठवड्यांत साय परत आली, कारण नायट्रेट ०, फॉस्फेट ०.२ तसंच होतं. म्हणून माणसाच्या गोळ्या टँकमध्ये नकोच. लाल साय मारायची तयार पावडर शेवटचा उपाय म्हणून वापरायचीच असेल तर आधी हातानं जेवढी निघते तेवढी काढा, डब्यावरचं माप काटेकोर पाळा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात चालू, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) फेसानं उतू जाईल म्हणून त्याचा कप काढा, ४८ तासांनी २० टक्के पाणी बदला आणि कार्बन परत लावा. ज्या दिवसात लाईटचा भरोसा नाही त्या दिवसात तर ही पावडर हातातही घेऊ नका.

गोगलगायी आणल्या की खातील म्हणतात, हे फार कमी जीव खातात, त्या आशेवर पैसे घालवू नका. टँक नवा असेल, तीन-चार महिन्यांचा, तर थोडी साय येणारच, सायफन करत राहा आणि दम धरा. माझ्या टँकला नायट्रेट-फॉस्फेट जागेवर आल्यावरही पूर्ण साफ व्हायला दोन महिने लागले, पहिले तीन आठवडे तर काहीच फरक दिसला नाही.

सायफनचं खारं पाणी झाडांना किंवा वावराच्या धुऱ्यावर टाकू नका, आपली जमीन आधीच खारवलेली आहे. मी ते सांडपाण्याच्या नालीतच सोडतो.