वॉर्ड इन्चार्ज सिस्टरांनी आपल्या परिचारिकांचे मन कसे सांभाळावे

इंदूरच्या एखाद्या रुग्णालयातली परिचारिका नोकरी सोडते तेव्हा राजीनाम्यात बहुधा ‘घरगुती कारण’ एवढेच लिहिलेले असते. खरे कारण पुष्कळदा वॉर्डातच असते. पगार आणि मंजूर पदे वॉर्ड इन्चार्जच्या हातात नसतात. परंतु ड्यूटीचा तक्ता, पाळीबदलाच्या वेळचे बोलणे आणि चूक घडल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे ही तिच्याच हातात असतात, आणि परिचारिकेचे समाधान फार मोठ्या प्रमाणात या तीन ठिकाणी ठरते. पुढील सूचना मुख्यतः नव्याने इन्चार्ज झालेल्या सिस्टरांसाठी आहेत. मे महिन्यात परिचारिका दिनाला होणाऱ्या गौरवाच्या भाषणांचा विचार येथे केलेला नाही. त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही, पण पुढच्या आठवड्यातल्या नाइटही हलक्या होत नाहीत.

प्रथम थकवा ओळखण्यास शिकावे. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामातून येणाऱ्या थकव्याची जी मोजपट्टी मांडली, तिच्यात तीन गोष्टी तपासल्या जातात: मन रिकामे झाल्यासारखे वाटणे, रुग्णाकडे माणूस म्हणून पाहणे सुटणे, आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात हा थकवा आजारांत न धरता कामाच्या ठिकाणाशी निगडित घटना म्हणून नोंदलेला आहे, म्हणजे त्याचा उगम शोधताना व्यक्तीच्या स्वभावाआधी वॉर्डाकडे पाहावे लागते. रुग्णांना नावाने हाक मारणारी सिस्टर हल्ली फक्त बेड नंबर बोलते, नातेवाइकाच्या दुसऱ्याच प्रश्नाला तुटक उत्तर देते, सगळ्या नोंदी पाळी संपताना एकदम भरते, चहाच्या वेळी एकटी बसते. अशा खुणा आठवडाभर दिसत राहिल्या तर तिच्याशी बोलावे. हे बोलणे नर्सिंग स्टेशनवर सर्वांदेखत करू नये. ‘तुम्हाला झालंय तरी काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असेच येणार. त्याऐवजी ‘सिस्टर, सलग नाइट झाल्या तुमच्या, दिवसा झोप लागते का?’ असा ठोस प्रश्न विचारला की बोलणे सुरू होते. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, तेव्हा स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतला फरक जाणणे आणि त्या जाणिवेचा विचारात व वागण्यात उपयोग करणे, असे तिचे स्वरूप सांगितले होते. ‘आमच्या मॅडमचा स्वभावच तापट’ असे म्हणून जे सोडून दिले जाते, त्यातला बराच भाग सरावाने सुधारण्याजोगा असतो.

ड्यूटीच्या तक्त्यावर मात्र सर्वांत अधिक वेळ खर्च करावा, कारण इन्चार्जविषयीचा विश्वास तिच्या बोलण्यापेक्षा या कागदावरून ठरतो. पुढील महिन्याच्या सुट्यांच्या इच्छा एका वहीत आधी मागवाव्यात आणि ती वही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. नाइटची पाळी कशी फिरेल, नाइटनंतरचा ऑफ कोणत्याही कारणाने कापला जाणार नाही, आणि अचानक कोणी गैरहजर राहिल्यास पहिला फोन कोणाला जाईल, हे नियम लिहून लावावेत. सणांचा हिशेब इंदूरमध्ये विशेष गुंतागुंतीचा असतो. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते, अनंत चतुर्दशीला रात्रभर झाकी (देखाव्यांची मिरवणूक) चालतात; त्या दिवशी शहराला सुट्टीचे वातावरण असते, पण गर्दीमुळे कॅज्युअल्टीत अधिक हात लागतात. आपल्या मराठी सिस्टरांना गौरी-गणपतीला घरी थांबायचे असते, आणि त्याच सुमारास केरळच्या सिस्टरांचा ओणम येतो; पुढे दिवाळी, ईद आणि नाताळ आहेतच. गेल्या वर्षी कोणत्या सणाला कोण ड्यूटीवर होते याची स्वतंत्र नोंद ठेवली तर वादाचे मूळच जाते, कारण मग निर्णय इन्चार्जच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

येथे एक अन्याय नकळत घडतो आणि तो बहुतेक वॉर्डांत दिसतो. झाबुआ, धार किंवा थेट केरळातून आलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुली हाकेच्या अंतरावर असतात. म्हणून जादा ड्यूटीसाठी दर वेळी त्यांनाच बोलावले जाते, तर सुदामानगर किंवा राजेंद्रनगरातून येणाऱ्या संसारी सिस्टरांना ‘घर लांब, मुलं लहान’ म्हणून सूट मिळते. लहान मुलांच्या आईला सवलत जरूर द्यावी, पण तिची मुदत आणि तिचा भार कोणावर पडतो हे दोन्ही उघडपणे ठरवावे, आणि भार घेणारीला बदली ऑफ त्याच महिन्यात द्यावा. शिक्षा म्हणून नाइट लावणे हा प्रकार तर पूर्णपणे बंद करावा. त्यामुळे नाइट ड्यूटीला अपमानाचा वास लागतो, आणि पुढे प्रामाणिकपणे आलेली नाइटदेखील शिक्षाच वाटू लागते.

पाळीबदलाची ओव्हर (रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवणे) घेताना क्रम ठरलेला असावा: रुग्णाची आताची स्थिती, मागची हकीकत, आपले निरीक्षण, आणि आता काय करायला हवे. अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली ‘एसबार’ पद्धत ती हीच. नव्या मुलीला मोठ्या डॉक्टरांना रात्री फोन करताना जी भीती वाटते, ती या ठरीव क्रमाने बरीच कमी होते. ओव्हर सर्वांना समजेल अशा हिंदीतच व्हावी. दोन मराठी सिस्टर टेबलापाशी मराठीत हळू आवाजात बोलल्या, किंवा दोन मल्याळी सिस्टर मल्याळममध्ये, तर बोलणे भाजीच्या भावाचे असले तरी तिसरीला ते आपल्याविषयी वाटते. इन्चार्ज स्वतः मराठी असेल तर तिने हे पथ्य अधिक कडकपणे पाळावे. आपलेपणाच्या चार शब्दांची किंमत पक्षपाताच्या संशयाने चुकवावी लागते.

चूक घडते तेव्हा इन्चार्जची खरी परीक्षा असते. समजा, एका रुग्णाचे इंजेक्शन दुसऱ्याला दिले गेले आणि सिस्टरने स्वतः येऊन सांगितले. पहिले काम रुग्णाचे: डॉक्टरांना कळवणे, निरीक्षण सुरू करणे, नोंद करणे. दुसरे काम त्या सिस्टरला त्या क्षणी कामात एकटे न सोडणे. ‘सांगितलंत ते बरं केलंत, आता आधी पेशंट पाहू’ एवढे वाक्य पुरे. रागाचा कढ आला असेल तर चौकशी अर्धा तास पुढे ढकलावी, कारण त्या अर्ध्या तासात काढलेला आवाज वॉर्डातल्या इतर सर्वजणी ऐकतात आणि पुढची चूक लपवायची की सांगायची हे तेव्हाच ठरवतात. एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतील औषधांच्या चुकांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या तुकड्यांचे नेतृत्व आणि परस्परसंबंध चांगले होते तेथे नोंदलेल्या चुका अधिक आढळल्या. याचा उलगडा असा की त्या तुकड्यांत चुका सांगण्याची भीती कमी होती. म्हणून शून्य चुकांचा वॉर्ड पाहून मेट्रनने लगेच शाबासकी देऊ नये, असे माझे मत आहे. चौकशी करताना ‘कोणी केले’ यापूर्वी ‘कसे घडले’ हे विचारावे: दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्या शेजारी होत्या का, एकाच नावाचे दोन रुग्ण होते का, त्या वेळी एका सिस्टरकडे किती रुग्ण होते. निष्काळजीपणा वारंवार दिसला तर कारवाई करावीच. सौम्यपणाच्या नावाखाली ती टाळणे हा बाकीच्या प्रामाणिक सिस्टरांवर अन्याय होय.

परिचारिकेला आतून काही वाटत असले तरी चेहरा शांत ठेवावा लागतो. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये यालाच भावनिक श्रम म्हटले, आणि नुसता वरवरचा मुखवटा धरून ठेवण्याचा भावनिक थकव्याशी संबंध असल्याचे पुढील संशोधनात वारंवार दिसले आहे. म्हणून मृत्यूनंतर किंवा नातेवाइकांच्या शिवीगाळीनंतर त्या सिस्टरला लगेच पुढच्या बेडकडे पाठवू नये. दहा मिनिटे, पाणी, आणि तिच्या रुग्णांवर दुसरीची नजर, एवढी व्यवस्था करावी. नातेवाईक अंगावर येत असताना इन्चार्जने तिच्या शेजारी उभे राहावे, मागे नव्हे. प्रसंगाची लेखी नोंद करावी. मध्य प्रदेशात वैद्यकीय सेवेतील व्यक्तींच्या सुरक्षेसाठी २००८ सालचा कायदा आहे, आणि लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेच जावी, वॉर्डात मिटवली जाऊ नये. झोप उडणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे असे काही दिसल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा आणि मानसोपचार विभागात तिच्याबरोबर जावे.

या सर्व कौशल्यांनी माणसांची कमतरता भरून निघत नाही, हे प्रशासनाला सांगणे हेही नेतृत्वच आहे. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या अभ्यासात असे दाखवले की एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की थकव्याची संभाव्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीविषयीच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढलेली आढळते. माळवा-निमाडच्या सगळ्या जिल्ह्यांतून रुग्ण येणाऱ्या मोठ्या रुग्णालयात तर हा ताण नित्याचाच. तेव्हा ‘स्टाफ कमी पडतो’ असे तोंडी न सांगता प्रत्येक पाळीतील रुग्णसंख्या आणि हजर परिचारिका यांची रोजची नोंद ठेवावी आणि महिनाअखेरीस मेट्रनकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी. त्याची एक प्रत स्टाफलाही पाहू द्यावी. मागणी मान्य झाली नाही तरी ती कोणी तरी मांडली, हे त्यांना कळते.

राहिली इन्चार्ज स्वतः. तिने आपल्या ऑफच्या दिवशी वॉर्डाचे निर्णय घेण्यासाठी एका ज्येष्ठ सिस्टरचे नाव तक्त्यावरच लिहून ठेवावे, इनडेंटच्या (औषधे व साहित्याच्या मागणीपत्राच्या) सहीपासून रजेच्या अर्जापर्यंत तिचे अधिकार स्पष्ट करावेत, आणि त्या दिवशी त्या सिस्टरने घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी सर्वांदेखत फिरवू नये.