जुलैतली गोळी: दमट हवेत टिकणारं फॉर्म्युलेशन कसं घडवावं

माझी आजी वेंगुर्ल्याजवळच्या घरात एकटी राहायची. हृदयासाठी तिला रोज ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चालू होती. एका जुलैत मी गेले तेव्हा तिने बाटली माझ्या नाकाशी धरली. "ह्या गोळ्यांका आंबूस वास येता गो, घेव की नको?" झाकण काढलं तर व्हिनेगरचा सरळ वास. बाटली चुलीवरच्या फळीवर, आणि मुदत संपायला अजून वर्षभर होतं.

मी तेव्हा गोळ्यांच्या कारखान्यात नोकरीला होते. हल्ली बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बघते. दर वर्षी एका गटाला हीच गोळी बनवायला देते, आणि काम कसं करायचं ते सांगते. तेच इथे लिहिते आहे. हे शिकणाऱ्यांसाठी आहे. प्रोजेक्टची गोळी कुणी तोंडात घालायची नाही, कुणाला द्यायचीही नाही.

आधी आपलं औषध कशाने खराब होतं ते नीट समजून घ्या. अ‍ॅस्पिरिनला पाणी मिळालं की तिचे दोन तुकडे होतात, सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅसिटिक आम्ल. वास येतो तो दुसऱ्याचा. पण खरं नुकसान वेगळंच आहे. अ‍ॅस्पिरिन आपला अ‍ॅसिटिल गट प्लेटलेटमधल्या (रक्त गोठवणाऱ्या कणांमधल्या) एन्झाइमला कायमचा चिकटवते, म्हणून रक्ताची गुठळी व्हायला अडथळा येतो. ओलाव्याने नेमका तोच गट सुटून जातो. मागे उरलेलं सॅलिसिलिक आम्ल पोटाला बोचतं आणि प्लेटलेटचं ते काम करत नाही. म्हणजे माझ्या आजीची गोळी एकाच वेळी कमी गुणाची आणि जास्त त्रासाची झाली होती. गुणकारी आणि सुरक्षित ही दोन वेगळी प्रकरणं आहेत असं विद्यार्थी धरून चालतात, म्हणून मी हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते.

मग सोबतचे घटक, म्हणजे एक्सिपियंट, एकेक करून औषधाशी जुळतात का ते बघा. औषध आणि घटक समान वजनाने मिसळून काचेच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, भरा. निम्म्या व्हायल उघड्या, निम्म्या रबरी बुचाच्या. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत चार आठवडे ठेवा, दर आठवड्याला काढून बघा. मॅग्नेशियम स्टिअरेट हे आपल्याकडे सवयीने घातलं जाणारं वंगण, पण अ‍ॅस्पिरिनच्या शेजारी ते नको. अ‍ॅस्पिरिन आम्लधर्मी वातावरणात, पीएच २ ते ३ च्या आसपास, सर्वांत टिकाऊ असते. स्टिअरेटचा अल्कधर्मी स्पर्श तिचं विघटन वाढवतो. त्याऐवजी स्टिअरिक आम्ल घ्या.

कॉलेजात स्टॅबिलिटी चेंबर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता ठरावीक ठेवणारं कपाट, नसेल तर थांबून राहू नका. डेसिकेटर, म्हणजे घट्ट झाकणाचं काचेचं भांडं, घ्या. तळाशी मीठ आणि थोडं पाणी घालून असा लगदा करा की न विरघळलेल्या मिठाचा थर दिसत राहील. शुद्ध सोडियम क्लोराइडच्या अशा संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांच्या आसपास राहते, आणि हा आकडा २५ अंशांना असतो जवळपास तेवढाच ४० अंशांनाही असतो. डेसिकेटर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलात की झालं. मीठ मात्र प्रयोगशाळेतलं घ्या. १९३० च्या सत्याग्रहामुळे शिरोड्याची मिठागरं सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यामुळे एका मुलाने आपुलकीने तिथलं खडेमीठ आणलं होतं. पण खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के आर्द्रतेपासूनच पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात घरचं मीठ पाझरतं ते बरंचसं त्यामुळे, आणि त्यावर आर्द्रतेचा आकडा भरवशाचा मिळत नाही. अशा डेसिकेटरमधली माहिती परवान्याच्या कागदपत्रांत चालणार नाही. पण कुठला फॉर्म्युला सोडून द्यायचा ते पंधरा दिवसांत कळतं, आणि त्या टप्प्यावर तेवढंच हवं असतं.

आता फॉर्म्युला. २०० मिलिग्रॅमच्या गोळीसाठी आम्ही इथून सुरुवात करतो: अ‍ॅस्पिरिन ७५, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज १०४, वाळवलेला मक्याचा स्टार्च १६, स्टिअरिक आम्ल ३, कोलॉइडल सिलिका २. पाणी घालून ग्रॅन्युल, म्हणजे भुकटीचे दाणे, करायचे नाहीत. सरळ मिसळून दाबायचं, म्हणजे डायरेक्ट कॉम्प्रेशन. सेल्युलोजचा ग्रेड बघून घ्या. नेहमीच्या ग्रेडमध्ये ३ ते ५ टक्के पाणी सहज असतं, कमी ओलाव्याच्या ग्रेडमध्ये दीड टक्क्याच्या आत.

स्टार्चबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे मी चुकले आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जूनमध्ये एक बॅच माझ्या हाताखाली निघाली. स्टार्चच्या ओलाव्याचा आकडा मी पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवरून घेतला. पोतं आठ दिवस गोदामात उघडं होतं हे मला माहीत होतं, तरी पुन्हा तपासला नाही. गोळ्या दिसायला सुंदर, सगळ्या चाचण्यांत पास. चाळीस अंशांवर तीन महिने ठेवलेले नमुने काढले तेव्हा गोळीच्या कडेला बारीक पांढरी लव दिसली. भिंगाखाली त्या सुया होत्या, केसासारख्या, उजेडात चमकणाऱ्या. सॅलिसिलिक आम्लाचे स्फटिक गोळीतून बाहेर उगवले होते. बॅच बाजारात गेली नव्हती, एवढंच समाधान. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: स्टार्च वाळवायचा, आणि ज्या दिवशी मिसळायचा त्याच दिवशी ओलावा मोजायचा. पावसाळ्यात सकाळचा आकडा दुपारी धरायचा नाही. मशीनच्या खोलीत हायग्रोमीटर टांगा आणि डिह्युमिडिफायर चालू करून आकडा खाली आल्याशिवाय हॉपर, म्हणजे मशीनला भुकटी पुरवणारं नरसाळं, भरू नका.

गोळ्या दाबून झाल्या की नेहमीच्या चाचण्या. वीस गोळ्यांचं एकेक वजन करा. या आकाराच्या गोळीला इंडियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या भारतीय मानकांच्या ग्रंथात, सरासरीच्या साडेसात टक्क्यांची सूट आहे. फ्रायबिलिटीला, म्हणजे गोळी किती झिजते ते बघायला, ड्रमच्या १०० फेऱ्या, झीज १ टक्क्याच्या आत. डिसइंटिग्रेशन, म्हणजे गोळी फुटून विखुरणं, ३७ अंशांच्या पाण्यात, १५ मिनिटांच्या आत. याच चाचण्या चेंबरमधून काढलेल्या गोळ्यांवर पुन्हा करा. ओलावा प्यायलेल्या गोळ्या मऊ पडतात, आणि स्टार्च आधीच फुगून बसला असेल तर गोळी फुटायला वेळ लावते.

डिसोल्युशनपाशी, म्हणजे औषध किती विरघळतं त्या चाचणीपाशी, मात्र थांबा, इथे चांगले चांगले फसतात. अ‍ॅस्पिरिन किती विरघळली हे बऱ्याचदा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६५ नॅनोमीटरला मोजतात. त्या तरंगलांबीला अ‍ॅस्पिरिन आणि सॅलिसिलिक आम्ल दोन्ही सारखाच प्रकाश शोषतात, आणि म्हणूनच ती निवडलेली असते: चाचणी चालू असताना थोडं विघटन झालं तरी विरघळण्याचा आकडा बिघडू नये. पण याचा अर्थ असा की आजीच्या बाटलीतली गोळीसुद्धा तिथे पास होईल. यंत्राला फरक दिसणारच नाही. म्हणून साठवणीतल्या नमुन्यांना एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र, हवंच; आलेखात दोन्ही पदार्थांची शिखरं वेगळी दिसतील अशी पद्धत. एचपीएलसीची पाळी मिळेपर्यंत एक झटपट खूण वापरा: गोळी कुटून गार अल्कोहोलमध्ये ढवळा, गाळा, फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. जांभळा रंग चढला तर सुटं सॅलिसिलिक आम्ल आहे. शेजारी ताज्या गोळीची नळी ठेवा आणि उगाच वेळ काढू नका, द्रावणात अ‍ॅस्पिरिन आपोआपही फुटत राहते.

पॅकिंग शेवटी ठरवायचं ही सवय मला अजिबात पटत नाही. ते फॉर्म्युल्याबरोबरच ठरवा. साध्या पीव्हीसी ब्लिस्टरमधून वाफ आत जाते, त्यावर पीव्हीडीसी या वाफ अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर असेल तर कमी, आणि दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असेल तर जवळपास नाहीच. ब्लिस्टर आणि स्ट्रिपचा मोठा गुण म्हणजे एक गोळी काढली तरी बाकीच्या बंदच राहतात. बाटलीचं तसं नाही. आत सिलिका जेलची पुडी असली तरी रोज उघडणाऱ्या बाटलीत तीही कधीतरी भरते. कापसाचा बोळा तर स्वतःच ओल धरतो.

म्हणून सीलबंद नमुन्यांवर थांबू नका. औषध घरात जसं वापरलं जातं तसं तपासा. आमच्या प्रोजेक्टमध्ये तीस गोळ्यांची बाटली ७५ टक्क्यांत ठेवतो. रोज सकाळी काढून झाकण एक मिनिट उघडं, एक गोळी बाहेर, पुन्हा बंद. पहिल्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशीची गोळी तपासायला. शेजारी स्ट्रिप. आणि तिसरा नमुना मी मुद्दाम घालायला लावते: कागदी पाकिटात सुट्या दहा गोळ्या, कारण गावात काही ठिकाणी औषधं तशीच दिली जातात. फेरिक क्लोराइडच्या नळ्यांत पहिल्यांदा जांभळी होते ती नेहमी या पाकिटातलीच.

नोंदवहीत वजन, रंग, कडकपणा, डिसइंटिग्रेशन यांच्या शेजारी 'वास' असा एक रकाना आखा. गोळी बाहेर काढून ठेवली की वास उडून जातो, तेव्हा झाकण उघडताक्षणी हाताने हवा नाकाकडे ओढून नोंद करा, तारीख-वेळ टाका, आणि मगच ती गोळी वजनकाट्यावर ठेवा.